पाहुणी, आई की बिनपगारी आया?

गेल्या जुलैत आमच्याकडे झडी लागली होती. सिमेंटची धूळ आणि पाऊस एकत्र आले की गडचांदूरच्या पत्र्यांवर राखाडी लेप बसतो. तो खरवडत असतानाच मोबाइल वाजला. अमेरिकेहून काकूंचा व्हिडिओ आला होता. काकू समुद्रकाठच्या खडकावर बसल्या होत्या, स्वेटरवरून पदर घेऊन. पण त्या दाखवत होत्या समुद्र नव्हे, तर मागच्या झाडीतले एक जुने दगडी बांधकाम. "हे पाय पोरी, चुन्याची भट्टी! एवढ्या दूर आली, तरी चुन्यानं काही पिच्छा सोडला नाही."

काकूंचे खरे होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल शहराच्या उत्तरेला सॅन वान नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर 'लाइम किल्न पॉइंट' हे उद्यान आहे. नावाचा अर्थच चुनाभट्टीचे टोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२० च्या सुमारापर्यंत तिथे चुनखडक फोडून भट्टीत भाजत असत. आज ती जागा किनाऱ्यावर उभे राहून व्हेल पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. आमचा कोरपना तालुकाही चुनखडकावर उभा आहे, आणि हा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झाला, असे भूगर्भशास्त्र सांगते. ज्या गावापासून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्या गावातली बाई शेवटी समुद्रापाशी पोचली आणि तिथे तिला ओळखीची वाटली ती भट्टी!

व्हिडिओच्या शेवटी पाण्यातून काळे उंच पर वर आले आणि गेले. नातवंडांचा आरडाओरडा ऐकू आला. रात्री काकूंचा आवाजी निरोप आला. "त्या कळपात सगळ्यात म्हातारी व्हेल होती ना, थे पुढं चालते म्हणते. लेकरं, नातवंडं सारी मागं. आन् मी? मी गाडीत मांगच्या सीटवर, दोन लेकरांच्या दोन खुर्च्यांच्या मधात."

त्या हसत होत्या. मला मात्र हसू आले नाही. हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे. काकूंनी नाव न छापण्याच्या अटीवर परवानगी दिली आहे.

ओटी भरली, पण कागद पाहिला नाही

काकूंचे यजमान इथल्या सिमेंट कारखान्यात पॅकिंगवर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागले, तेव्हा फंडाच्या पैशातून त्यांनी गावात दोन खोल्या बांधल्या. काकू शिलाई मशीन चालवायच्या. आमच्या बचत गटाचा हिशेब दहा वर्षे त्यांच्याकडे होता आणि त्यात कधी एका रुपयाचा फरक पडला नाही. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, हैदराबादला गेला, तिथून अमेरिकेला. गावाला अभिमान वाटावा असेच सगळे.

काकू पहिल्यांदा गेल्या त्या सुनेच्या बाळंतपणासाठी. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला तिथे साधारणपणे सहा महिने राहू देतात. त्यामुळे परदेशी गेलेल्या आपल्या घरांत एक वेळापत्रकच तयार झालेले दिसते. पहिले सहा महिने सुनेची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई. बाळ वर्षाचे होईपर्यंत दोन आज्या पाळीने कामावर. हो, मी 'कामावर' हाच शब्द वापरते. आपण मात्र त्याला 'फिरायला गेल्या' म्हणतो.

पुढे काका वारले. मुलगा तोपर्यंत तिथला नागरिक झाला होता. त्याने आईसाठी कायम वास्तव्याचा परवाना काढला. "आता इथं एकटी काय करशील?" हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला. घर विकले. आलेले पैसे मुलाच्या तिथल्या घराच्या पहिल्या रकमेत गेले. त्या घरावर नावे आहेत मुलाची आणि सुनेची.

काकू निघाल्या त्या दिवशी आम्ही गटाच्या बायकांनी त्यांची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत, म्हणून आम्ही ती मुद्दाम भरली. आपण किती पुढे गेलो, या समाधानात फोटोही काढले. पण घराच्या विक्रीचा कागद कुणी पाहिला? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलांच्या बरोबरीने तिचा हिस्सा असतो. काकूंना हे माहीत नव्हते. मला होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस हाताळणारी मी. पण मुलगा चांगला आहे, घर सुखी आहे, इथे आपला काय संबंध, असे मला वाटले. अन्याय म्हटला की आपल्याला मारझोड दिसते. सही करताना खाली झुकलेली मान दिसत नाही.

प्रेमाचे तास मोजायचे नाहीत?

मुलगा चांगला आहे, हे मी आजही म्हणते. सूनही चांगली आहे. म्हणूनच हा प्रश्न स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजाच नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि सर्वांना नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२० पासून स्वतःची पगारी रजा सुरू केली, पण ती संपल्यावर काय? पाळणाघराचा खर्च एका बाळाला महिन्याला दीड-दोन हजार डॉलर, मोठ्या शहरांजवळ त्याहूनही जास्त. दोघांची नोकरी, दोन मुले, घराचे हप्ते. ही फट कोणी भरायची? गडचांदूरच्या आजीने.

मी काकूंना एकदा दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला. हिशेब हा त्यांच्या आवडीचा विषय. सकाळी साडेपाचला उठणे, डबे, लहान्याचे दूध, मोठ्याला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, धुण्याचे यंत्र, कपड्यांच्या घड्या, दुपारचे खाणे, लहान्याची झोप, बस, अभ्यास, पोळ्या, ओटा. रात्री साडेनऊ. मधली विश्रांती वजा करून अकरा तास भरले. काकूंनी खाली लिहिले होते, "टीव्ही पाहताना लसूण सोलला, थो धरला नाही."

हे परदेशातच घडते असे नाही. आपल्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. फरक इतकाच की गडचांदूरला काकूंना त्या कामातून उठून गटाच्या बैठकीला यायला दार होते. तिथे गाडी चालवता येत नाही, भाषा अडते, हातात पैसा नाही. दाढ दुखत होती तर "पुढच्या वर्षी इंडियात काढू" म्हणून आठ महिने लवंग धरून काढले. नव्या परवानाधारक वृद्धांना तिथला सरकारी आरोग्य विमा विकत घ्यायचा तरी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर खाजगी विमा, आणि त्यात दात नाहीत. पासपोर्ट मुलाच्या कपाटात, 'सुरक्षित'.

यावर कुणी म्हणेल, आईच्या प्रेमाचे तास मोजता? मी उलट विचारते. वडिलांच्या नोकरीचे तास मोजले, त्यावरून फंड ठरला, पेन्शन ठरली. तेव्हा त्यांचे घरावरचे प्रेम कमी झाले का?

म्हातारी व्हेल काय करते?

काकूंच्या त्या वाक्याने मी व्हेलविषयी वाचू लागले. त्यांनी पाहिले ते ऑर्का. शास्त्राच्या हिशेबात ते डॉल्फिनच्या कुळातले, पण लोक त्यांना व्हेलच म्हणतात. त्या किनाऱ्यावरच्या ऑर्कांचा अभ्यास १९७० च्या दशकापासून सुरू आहे. कॅनडात मायकेल बिग यांनी आणि १९७६ पासून सॅन वान बेटाजवळ केन बाल्कम यांनी प्रत्येक प्राण्याचे फोटो काढून पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांवरून एकेकाची ओळख पटवली. नोंदवही भरत गेली तसे दिसले की हे कुटुंब आईच्या वंशाने चालते. मुलगी सासरी जात नाही, मुलगाही परदेशी जात नाही. दोघेही जन्मभर आईच्या कळपात राहतात. कोण कुणाचे, हे आईवरून ओळखायचे. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावापुढे आईचे नाव लावायचा निर्णय झाला. ऑर्का त्या बाबतीत आपल्या बऱ्याच पुढे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ऑर्का मादीची पिल्ले होणे तिशी-चाळिशीत थांबते, पण ती त्यानंतर कित्येक वर्षे जगते. काही तर ऐंशीच्या पुढेही. रजोनिवृत्तीनंतर असे दीर्घ आयुष्य माणसाखेरीज मोजक्याच व्हेलजातींत आढळले आहे. मग निसर्गाने ही म्हातारी कशासाठी ठेवली? इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे डॅरेन क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी तपासल्या. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात दिसले की कळपाच्या पुढे बहुधा प्रौढ माद्या असतात, त्यातही पिल्ले होणे थांबलेल्या म्हाताऱ्या जास्त. आणि सामन मासे कमी झाले की त्यांचे पुढे असणे आणखी वाढते. दुष्काळात कुठे मासे मिळतात, हे तिला आठवते. २०१९ च्या अभ्यासात दिसले की आईची आई मेल्यानंतरच्या दोन वर्षांत पिल्लू दगावण्याची शक्यता साडेचार पट होते.

आपल्याकडे पाळी गेली की 'आता काय उरलं' म्हणतात. इथे तर तिथूनच पुढारीपण सुरू होते!

मात्र मैत्रिणींनो, निसर्गाचे दाखले जपून द्यावेत. आजीने नातवंडे सांभाळलीच पाहिजेत, बघा व्हेलसुद्धा सांभाळते, असे म्हणायला कुणीतरी टपलेलेच असते. शिवाय ऑर्कांच्या घरातही सगळे समान नाही. मुलगी स्वतः आई झाली की सुटते, पण आई वाढलेल्या मुलालाही आपला मासा तोडून देत राहते. २०१२ च्या अभ्यासात तिशीपुढच्या नराची आई मेल्यावर पुढच्या वर्षभरात तो मरण्याचा धोका चौदा पट झाल्याचे दिसले. २०२३ च्या अभ्यासात दिसले की मुलगा पोसणाऱ्या मादीची पुन्हा पिल्लू होण्याची शक्यता निम्म्यावर येते. हे काकूंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "घ्या! पाण्यातही पोराचेच लाड."

तेव्हा व्हेलपासून मी एकच गोष्ट उचलते. ती म्हातारी कष्ट करते, देते, झिजते, पण रस्ताही तीच ठरवते. कळप तिच्या आठवणीवर चालतो. आपण आजीकडून कष्ट घेतले, माया घेतली आणि रस्ता ठरवण्याचा हक्क तेवढा काढून घेतला. दहा वर्षे गटाचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या बाईला त्या घरात भाजी आणायला सुद्धा मुलाकडे मागावे लागते, हा नुसता तिचा अपमान नाही, घराचे नुकसान आहे.

साखळीचे दुसरे टोक

काकू गेल्या, तेव्हा त्यांच्या नव्वदीच्या सासूबाई गावातच धाकट्या दिराकडे होत्या. त्यांना सांभाळायला जिवतीकडच्या पहाडावरची एक बाई ठेवली. तिची स्वतःची दोन मुले तिच्या आईकडे. म्हणजे सिएटलजवळ एक सून नोकरीला जाते, त्यासाठी गडचांदूरची बाई तिकडे जाते, तिच्या जागी पहाडावरची बाई येते आणि तिच्या जागी पहाडावरची म्हातारी. प्रत्येक पायरीला मोबदला कमी होत जातो आणि शेवटच्या पायरीला शून्य. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली याला काळजीची जागतिक साखळी म्हटले. तिची शेवटची कडी आमच्या तालुक्यात आहे.

आणि परदेश दूरच राहू द्या. आमच्या भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा लेकरे कुणाजवळ राहतात? आजीजवळ. एका आजीला विमानात बसवून नेतात, दुसरीला लेकरांसह मागे ठेवतात. दोघींनाही कुणी विचारत नाही, तुला जमेल का? तुला हवे आहे का?

मग काय करायचे?

आजीने जाऊच नये, असे मी म्हणत नाही. नातवंडांचा सहवास हे सुख आहे आणि नव्या देशात लेकासुनेला आधार देणे यात कमीपणा नाही. पण जाण्यापूर्वी काही गोष्टी ठरवायला हव्यात, आणि त्या ठरवायला आपण तिच्या सोबत बसायला हवे.

घर विकू नये, निदान राहण्यापुरती एक खोली तिच्या नावाने ठेवावी. विकलेच तर तिचा हिस्सा तिच्या खात्यात जमा व्हावा. पासपोर्ट आणि परवाना तिच्या पिशवीत असावा. विमा आधी, तिकीट नंतर. परतीची तारीख तिने ठरवावी. आठवड्यातून एक दिवस तिचा, आणि महिन्याची ठरावीक रक्कम तिच्या हातात. तिला खर्चायला म्हणून नव्हे, तिची म्हणून. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने इथे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते, पण मुलगा परक्या देशाचा नागरिक, घर तिथले, अशा वेळी त्या कायद्याचा हात फार लांब पोचेल, या भरवशावर राहू नये. जाण्याआधीचा कागद हाच खरा कायदा.

सुनांनाही एक सांगणे आहे. ही लढाई सासूविरुद्ध सुनेची नाही. तुम्हाला रजा मिळाली असती, पाळणाघर परवडले असते, नवऱ्याने ओट्याचे काम निम्मे उचलले असते, तर तुम्हीही सासूबाईंना पाहुणी म्हणून बोलावले असते. आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना विनंती. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेत काम करते आहे आणि ज्येष्ठांसाठी त्यांचा 'उत्तररंग' हा उपक्रमही आहे. गाणी आणि आरोग्याच्या व्याख्यानांबरोबर आजीच्या पैशाचा, कागदपत्रांचा आणि सुटीचा विषयही तिथल्या व्यासपीठावर यावा.

काकूंचे कार्ड

शेवटी काकूंचे पुढे काय झाले ते सांगते. सिएटलकडे पासष्टीपुढच्या माणसांना बसभाड्यात सवलतीचे कार्ड मिळते. वाचनालयात भेटलेल्या एका चिनी आजीने काकूंना खुणांनी त्याची माहिती दिली आणि दोघी जाऊन घेऊन आल्या. तिथल्या बसच्या कार्डाचे नावच 'ऑर्का' आहे! काकूंच्या नावाचे, मुलाच्या कपाटात न ठेवलेले ते त्या देशातले पहिले कार्ड. आता दर बुधवारी काकू बसने समुद्रावर जातात. दोन तास बसतात. व्हेल क्वचितच दिसते. सामन कमी झाले, त्या भागातले मासेखाऊ ऑर्का जेमतेम पाऊणशे उरले. २०२५ पासून तर बोटींना त्यांच्यापासून सुमारे ९०० मीटर दूर राहण्याचा नियम झाला आहे. काकू म्हणतात, "बरं झालं. म्हातारीले जरा मोकळं तर राहू द्या."

पहिल्या बुधवारी घरात गडबड उडाली होती. लहान्याला कोण सांभाळणार? दुसऱ्या बुधवारी मुलाने घरून काम केले. आता ते रुळले आहे. मुलगा वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मग काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली, की थंडीचे चार महिने आपण गडचांदूरला राहणार. मुलगा म्हणाला, पण आई, घर कुठे आहे? त्यावर दोघेही बराच वेळ गप्प होते, असे काकूंनी मला सांगितले. आम्ही गटाच्या शिलाई केंद्राच्या मागची खोली भाड्याने बघून ठेवली आहे. भाडे काकू आपल्या विधवा पेन्शनमधून देणार. घराच्या पैशाचा विषय त्या आल्यावर मुलाला लेखी कळवायचा आहे. मसुदा मी करणार आहे. हे काम मी ओटी भरण्याच्या आधीच करायला हवे होते.

नागपूरला घ्यायला येऊ का, असे मी विचारले. काकू म्हणाल्या, "काहून? मी येतो ना बसनं."

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीची कोणती आजी सध्या बॅग भरते आहे? पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला? तिच्याकडे जा. लोणच्याची बरणी कागदात गुंडाळायला मदत करा. आणि गुंडाळता गुंडाळता विचारा, काकू, परतीचे तिकीट कुणाजवळ आहे?